गाणं चौघांचं, नाव एकाचं

पत्र

नमस्कार भाऊ,

मी नागपूरचा. चार जणांच्या मराठी रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. इंजिनीअरिंगला असताना बँड सुरू केला, आता सगळे नोकऱ्या सांभाळून वाजवतो. गेल्या वर्षी आमचं एक गाणं चांगलं चाललं. शब्द गायकाचे आहेत. पण मुखड्याची चाल माझ्या बेसच्या ओळीवरून निघाली. कार्यक्रमात लोक शब्दांच्या आधी ती ओळच तोंडाने गातात. मधल्या भागात ठेका उतरवायची आयडियाही माझीच. स्टुडिओचा खर्च चौघांनी सारखा केला. गाणं ऑनलाइन टाकायचं काम गायकाकडे होतं, त्याने गीत आणि संगीत दोन्हीकडे स्वतःचं एकट्याचं नाव टाकलं. तेव्हा कोणी पाहिलंच नाही. आता एका वेब मालिकेला गाणं हवं आहे आणि कराराचा मसुदा त्याच्याच नावाने आला आहे. मी विषय काढला तर म्हणतो, "शब्द माझे, चाल माझी, तुम्ही वाजवलं. काऊन भांडून राहिला बे?" ड्रमर म्हणतो, गाणं चौघांचं, सरळ चार वाटे करा. मलाही तेच बरोबर वाटतं. गिटारवाला काहीच बोलत नाही. माझे मामा वकील आहेत, ते नोटीस पाठवायला तयार आहेत. पाठवू का, की दोस्तीखातर सोडून देऊ? पुढच्या महिन्यात आमचा एक कार्यक्रम आहे, तो वाजवू का तेही सांगा. सोबत सरावातलं एक रेकॉर्डिंग पाठवतो आहे.

– बेसवाला, प्रतापनगर

उत्तर

मित्रा,

नोटीस आत्ता नको, आणि सोडून देणं तर नकोच. मामांना म्हणावं, मसुदा तयार ठेवा, पण टपालात टाकू नका. कार्यक्रम बिनधास्त वाजव. त्याचा या भांडणाशी संबंध नाही, तो कसा नाही ते पुढे सांगतो.

तुझं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. कूलरची घरघर इतकी आहे की नागपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको. सुरुवातीला तू एकटाच वाजवतोस, तीच ओळ फिरून फिरून. ड्रमर दोन ठोके देतो आणि थांबतो. मग गायकाचा आवाज येतो: "थांब थांब, हे काय वाजवलं? पुन्हा वाजव." तू पुन्हा वाजवतोस. तो आधी नुसता गुणगुणतो, मग तुझ्या ओळीचे शेवटचे सूर धरून मुखड्याचे पहिले शब्द बसवतो. एक शब्द लांब पडतो, तो बदलतो. "हां, आता बसलं," असं तोच म्हणतो.

तुझ्या पत्रात जे काही लिहिलं आहेस त्या सगळ्यापेक्षा हे मोलाचं आहे. तेव्हा पहिलं काम हे की मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नकोस, फॉरमॅट मारू नकोस. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेली प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे. उद्या न्यायालयात जायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना रेकॉर्डिंग कोणत्या उपकरणात झालं हा प्रश्न येतोच. बँडचा ग्रुपही सोडू नकोस. रागाच्या भरात ग्रुप सोडणारे नंतर जुने मेसेज मागत फिरतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही चौघं एकाच गोष्टीवर भांडता आहात असं तुम्हाला वाटतं. खरं तर इथे तीन वेगळे हिशेब आहेत, रचनेचा, रेकॉर्डिंगचा आणि कार्यक्रमाच्या मानधनाचा, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा हिशेब पुढे करतो आहे. गायक म्हणतो गाणं म्हणजे शब्द आणि चाल. ड्रमर म्हणतो गाणं म्हणजे स्टुडिओत चौघांनी मिळून जे केलं ते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच तुमचं बोलणं पुढे सरकत नाही.

आपल्याकडे आकाशवाणीवर गाणं लागलं की गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं सांगायची पद्धत. आपल्या विदर्भातल्या सुरेश भटांची गझल हृदयनाथ मंगेशकरांनी बांधली तर शब्द कोणाचे आणि चाल कोणाची याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. बासरी कोणी वाजवली ते निवेदक सांगत नाही, पण त्याने चालीच्या मालकीत काही फरक पडत नाही, कारण चाल आधी तयार असते आणि वादक नंतर येतात. रॉक बँडमध्ये हा क्रम उलटतो. खोलीत चौघं वाजवत असतात आणि त्या वाजवण्यातूनच चाल निघते. मग वादन कुठे संपलं आणि रचना कुठे सुरू झाली, हे ठरवायचं कसं?

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा शब्द आणि संगीत यांना वेगळं धरतो. शब्द ही साहित्यकृती, आणि संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणजे शब्दांवर तुझा, ड्रमरचा, कोणाचाच दावा नाही. ते पूर्ण गायकाचे, आणि हे तू त्याला पहिल्याच वाक्यात सांगून टाक. संगीताचं तसं नाही. संगीतकार म्हणजे जो संगीत रचतो तो, मग त्याने ते स्वरलिपीत लिहिलेलं असो वा नसो, असं कायदाच म्हणतो. त्यामुळे "कुठे लिहिलंय?" या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. दोघांनी मिळून केलेलं काम एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती आणि दोघंही तिचे कर्ते. कूलरच्या घरघरीमागे तुम्ही दोघांनी मुखडा नेमका असाच केला आहे.

पण थांब, लगेच हुरळून जाऊ नकोस. इंग्लंडमध्ये या विषयावर दोन निकाल आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध गेले. आपल्या न्यायालयांवर ते बंधनकारक नाहीत, पण असा वाद आला की वकील तेच उघडतात. प्रोकॉल हारम या बँडचं १९६७ चं एक प्रचंड गाजलेलं गाणं ऑर्गनच्या सुरावटीने सुरू होतं. तो ऑर्गन वाजवणारा मॅथ्यू फिशर २००५ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी, न्यायालयात गेला. त्याची सुरावट ही स्वतंत्र रचना आहे असं न्यायालयाने मान्य केलं आणि संगीतात त्याला ४० टक्के वाटा दिला. मधल्या अपिलात तो वाटा गेला, पण २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, परत दिला. मागच्या अडतीस वर्षांचे पैसे मात्र मिळाले नाहीत, दावा केला तिथून पुढचेच. दुसरा खटला स्पँडाऊ बॅले या बँडचा, १९९९ चा. त्यात गायक, ड्रमर आणि सॅक्सोफोनवाला असे तिघं गीतकार गॅरी केंपच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. केंप गाणं तयार करून आणायचा आणि बाकीच्यांनी ते छान वाजवलं, सॅक्सोफोनसकट, ही रचना नव्हे, सादरीकरण आहे, असं न्यायाधीश म्हणाले.

तुझ्या गाण्यात दोन्ही आहे. तुझी बेसची ओळ फिशरच्या बाजूला पडते: तिला स्वतःचा आकार आहे, ती मुखड्याच्या आधीपासून होती, मुखडा तिच्या अंगावर बसवला आहे, लोकांना ती वेगळी आठवते. "ठेका उतरवायची आयडिया" मात्र विसर. ते संयोजन झालं. चांगलं संयोजन आहे, गाणं त्याने उठतं, पण त्यावर मालकी सांगू नकोस. पत्रात तू दोन्ही गोष्टी एकाच दमात लिहिल्या आहेस आणि समोर बोललास तेव्हाही तसंच बोलला असशील. मग गायकाला कमजोर मुद्दा पकडून भक्कम मुद्दा उडवायला किती वेळ लागतो? अंतऱ्यातही मला तुझी ओळ कुठे सापडली नाही, तिथली चाल त्याचीच दिसते.

आता ड्रमर. "चार वाटे" हे त्याचं सूत्र रचनेच्या हिशेबात बसत नाही, पण रेकॉर्डिंगच्या हिशेबात अगदी बसतं. ध्वनिमुद्रण ही कायद्याने तिसरीच वस्तू आहे. तिचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ती तयार करायला ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. स्टुडिओ चौघांनी ठरवला, बिल चौघांनी भरलं, यूपीआयच्या नोंदी चौघांच्या खात्यांत असतील. मग ते रेकॉर्डिंग चौघांचं म्हणायला चांगला आधार आहे. गायकाने ते फक्त अपलोड केलं. स्ट्रीमिंगमधून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं ॲपवर पोचवणारी कंपनी, जे पैसे देतो ते मुख्यतः या रेकॉर्डिंगचे असतात आणि ते अपलोड करणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. ते आजवर किती आले, कुठे गेले, हे तुम्ही कोणी विचारलं आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. रक्कम बहुधा फार नसेल, पण हिशेब मागायचा तर आधी हा मागा, कारण यात गायकाला वाद घालायला जागा कमी आहे. याशिवाय वादक म्हणून चौघांनाही सादरकर्त्याचे हक्क आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला, आणि सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागावं हा हक्कही. ड्रमरला "तुझं काहीच नाही" असं कोणी म्हणू नये, तूही नाही.

कार्यक्रमाचं मानधन हा आणखी वेगळा हिशेब. लेखी काही ठरलेलं नसताना चौघं मिळून धंदा करत असतील तर तो भागीदारीसारखा धरला जाऊ शकतो, आणि १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो की वेगळा करार नसेल तर नफा सारखा वाटायचा. इंग्लंडमध्ये द स्मिथ्सचा ड्रमर माइक जॉइस याच मुद्द्यावर १९९६ मध्ये जिंकला. त्याला दहा टक्क्यांवर ठेवलं होतं, न्यायालयाने पंचवीस दिले. पण ते रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतले. गाणी बँडचा गायक मॉरिसी आणि गिटारवादक मार यांची होती, त्यांच्या रचनेच्या पैशाला त्याने हातही लावला नाही. तुमच्या ड्रमरला ही गोष्ट सांग, तो शांत होईल. म्हणून म्हणतो, कार्यक्रम वाजव. तिथले पैसे सारखे चार वाटे करून घरी या.

मग ऑनलाइन गायकाचं एकट्याचं नाव आहे त्याचं काय? घाबरू नकोस. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे वाटणीच्या भांडणात शेंबडं पोरगंही सांगतं. डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये भरलेलं नाव त्याहून कच्चं. ते दुरुस्त करता येतं, फक्त खातं ज्याच्या हातात आहे त्याने दुरुस्तीची विनंती करावी लागते. एक मात्र तपास: तो आयपीआरएसचा सदस्य आहे का, आणि असेल तर तिथे या गाण्याची नोंद कशी केली आहे? १९६९ पासूनची ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. तिथल्या नोंदीत संगीतकार म्हणून तो एकटाच असेल तर पैसे त्याच्याकडेच जात राहतील. तू स्वतः सदस्य नसशील तर या भांडणाचा निकाल काहीही लागो, आधी सदस्य हो. सदस्य नसलेल्या संगीतकाराला संस्था पाठवणार कुठे?

वेब मालिकेचा करार हा तुझ्या हातातला सगळ्यात मोठा पत्ता आहे आणि तो तू चुकीच्या दिशेने टाकशील अशी मला भीती आहे. निर्मात्याला थेट मेल टाकू नकोस. मालकीचा वाद आहे असा नुसता वास आला तरी ही मंडळी गाणं बदलतात. त्यांना गाण्यांची ददात नसते. मग तुझा वाटाही शून्य आणि बँडमध्ये आयुष्यभराची कटकट. त्याऐवजी गायकाला मसुदा नीट वाचायला लाव. अशा करारात एक कलम हमखास असतं: गाणं पूर्णपणे माझं आहे, त्यावर इतर कोणाचा हक्क नाही, उद्या कोणी दावा केला तर नुकसानभरपाई मी देईन. तो एकटा सही करणार म्हणजे ही हमी एकटा देणार. सरावातलं रेकॉर्डिंग अस्तित्वात असताना, आणि त्यात त्याचाच आवाज असताना. शिवाय संयुक्त कृतीचा परवाना एका मालकाने दुसऱ्याच्या संमतीविना परस्पर देऊ नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, आणि आपण त्याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या हद्दीत राहतो. तेव्हा त्याला धमकी द्यायची गरजच नाही. तुझी आणि बाकी दोघांची सही घेणं त्याच्याच फायद्याचं आहे, एवढं त्याच्या डोक्यात उतरलं की पुरे.

मसुद्यात आणखी एक बघा. रॉयल्टीचा हक्क कायमचा सोडला, असं एखादं वाक्य असेल तर तिथे लाल पेनाने खूण करा. जावेद अख्तरांसारख्यांनी राज्यसभेपर्यंत लावून धरलेली २०१२ ची दुरुस्ती म्हणते की गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कराराने सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला देता येतो. मालिकेकडून एकरकमी मिळणारी फी वेगळी आणि ही रॉयल्टी वेगळी. एकरकमी फीचेही दोन भाग पाडा: रचनेचा भाग शब्द आणि चालवाल्यांना, रेकॉर्डिंगचा भाग चौघांना. मसुद्यात एकच आकडा असेल तर निम्मा-निम्मा धरायची रीत आहे, तीच लावा.

आकडा काय मागायचा? ड्रमरच्या सूत्रात तुला पंचवीस मिळतात म्हणून ते तुला आवडलं आहे, हे मी समजू शकतो. पण टिकणारं मागणं कमी आहे. रचनेच्या शंभरातले पन्नास शब्दांचे, ते गायकाचे. उरलेले पन्नास संगीताचे. त्यात मुखड्याचा पाया तुझा, मुखड्याची चाल दोघांची, अंतरा त्याचा. मी तुझ्या जागी असतो तर संगीताचा एक तृतीयांश मागितला असता, म्हणजे शंभरातले सोळा-सतरा, आणि चौथ्या हिश्श्यावर, साडेबारावर, राजी झालो असतो. नाव मात्र सोडलं नसतं. 'संगीत' या शब्दापुढे दोघांची नावं, यात तडजोड नको. पैसे एका गाण्याचे असतात, नाव पुढचं काम मिळवून देतं.

पुढच्या गाण्यांसाठी हवं तर सगळंच चौघांच्या नावावर टाका. आर.ई.एम. या बँडने सुरुवातीपासून तसंच केलं, क्वीन या बँडने १९८९ पासून. क्वीनला ते सुचायला कारण होतं: १९७५ च्या त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं, आणि रेकॉर्ड एकच विकली जात असल्याने त्यालाही पुढच्या बाजूच्या गाण्याइतकीच रॉयल्टी मिळाली. त्यावरून बरीच धुसफूस झाली. कोणाचं गाणं अल्बममध्ये घ्यायचं यावर पैशाचं गणित बसू लागलं की चांगलं गाणं मागे पडतं. पण तो निर्णय पुढचा. या गाण्याला तो मागून लावायला गायक तयार नसेल तर आग्रह धरू नकोस.

बोलणं टपरीवर उभ्याउभ्या नको आणि रात्री ग्रुपवर तर अजिबात नको. रविवारी सकाळी कोणाच्या तरी घरी बसा, गिटारवाल्यालाही बोलवा. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा लावता आहात. मामांना नेऊ नकोस. आधी सरावातलं रेकॉर्डिंग लाव, पूर्ण, मध्ये न बोलता. मग एक कागद काढा: गाण्याचं नाव, शब्द कोणाचे किती टक्के, संगीत कोणाचं किती टक्के, रेकॉर्डिंगची मालकी कोणाची किती, वादक कोण कोण, तारीख, चार सह्या. याला या व्यवसायात स्प्लिट शीट म्हणतात, एका पानात होतं. सही झाली की तोच कागद घेऊन डिस्ट्रिब्युटरकडे क्रेडिट दुरुस्त करा, आयपीआरएसकडे नोंद बदला. कॉपीराइट कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, पण संगीतकृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २००० रुपये शुल्क आहे, ऑनलाइन अर्ज होतो, हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. तुमच्या एका तालमीच्या जागेच्या भाड्याशी तुलना करून काय ते ठरवा.

आणि गायक ऐकलाच नाही तर? तर त्याला एक साधा मेल: या गाण्याच्या संगीतात माझा सहभाग आहे, रेकॉर्डिंगमध्ये चौघांची मालकी आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय परवाना देऊ नये, मी बसून बोलायला तयार आहे. चार वाक्यं, शिवी नाही, जुन्या आठवणी नाहीत. दहा-पंधरा दिवस वाट बघ. करारावर सही व्हायला तितके दिवस नसतील तर कमी बघ. त्यानंतर मामांची नोटीस जाऊ दे. दाव्यासाठी मुंबईला जावं लागेल ही भीती काढून टाक. कॉपीराइटचा दावा आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत गेला तर तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तेव्हा आधी मध्यस्थीतून जावंच लागतं. म्हणजे तिथेही टेबलाच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं आणि मधे एक कागद, हेच होणार. फरक इतकाच की तेव्हा दोघांच्या वकिलांची फी चालू असेल.

स्प्लिट शीटचा मसुदा केलास तर सह्या घेण्याआधी मला पाठव. टक्क्यांची बेरीज शंभर होते का एवढं तरी बघून देईन, बँडवाल्यांची ती क्वचितच होते.

– तुझा भाऊ